सहा किलो चारशे ग्रॅम

तिने चौथ्या वजनपट्टीखाली पातळ पत्र्याचा तुकडा सरकवला, पाणसळ पुन्हा लावून पाहिली आणि उठता उठता काट्याच्या पडद्याकडे बघितलं. आकडा तोच. नऊशे एक्याऐंशी किलो.

तिच्या वहीप्रमाणे तो नऊशे सत्त्याऐंशी पूर्णांक चार यायला हवा होता.

"कमीच आलंय ना? मग तोंड का पाडलंस?" मिस्त्री हात पुसत म्हणाले. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन."

"दुसरा आला कुठून, तेवढं सांगा मिस्त्रीकाका."

शर्यतीची गाडी चार चाकांखालच्या चार पट्ट्यांवर उभी होती आणि आत हेल्मेट घालून तिचा थोरला भाऊ बसला होता. शर्यतीत वजन चालकासकट धरतात, म्हणून इथेही तो बसायचा. गेले तीन महिने तिने ही गाडी सोलून काढली होती. पोलादी बॉनेट जाऊन कार्बन फायबरचं आलं, ते दोन बोटांवर उचललं जाई. मागची काच गेली, तिथे प्लास्टिक बसलं. काढलेला प्रत्येक भाग तिने तोलला, बसवलेलाही तोलला. तिचा नियम एकच: जे बदललं, तेच पुन्हा तोलायचं.

वजन जास्त भरलं असतं तर तिला कळलं असतं. डिंक, रंग, कुठे तरी काही तरी. पण कमी म्हणजे काही तरी बसवायचं राहिलं होतं. उद्या दुपारी दादा हीच गाडी दोनशेच्या वेगाने वळणात घालणार होता, आणि सगळे भाग जागच्या जागी आहेत या कागदावर सही तिची होती.

"टाकी?"

"काठोकाठ. काडी घालून पाहिली."

"बॅटरीचं ब्रॅकेट?"

"आहे गं बाई."

मिस्त्री चाकांच्या फळीवर आडवे होऊन गाडीखाली सरकले आणि एकेक बोल्ट मोठ्याने मोजू लागले. एकही कमी नव्हता. तिने गाडीसकट काटे शून्यावर आणले, वीस किलोचं प्रमाण वजन टपावर ठेवून पाहिलं. वीसच भरलं. आता तिला काहीच सुचेना.

"उतरू का मी?" दादाने आतून विचारलं. "की मलाही सोलणार आहात?"

"हलू नकोस. आकडा नाचतो."

भिंतीवर यादी लटकत होती: 'अजून काय कमी होईल?' सात ओळींवर काट होती. आठवी तिच्याच अक्षरात होती: 'दादा – गाडीतला सगळ्यात जड भाग.' ती लिहिली त्या दिवशी सगळे हसले होते. दादा सगळ्यांत मोठ्याने.

सीटचे बोल्ट पाहायला ती दारातून आत वाकली, तेव्हा खांद्याचा पट्टा दिसला. बकल वर्षानुवर्षं जिथे बसायचं तिथे पट्ट्यावर पांढरी घडी पडली होती. ती घडी आता बकलच्या पलीकडे, वीतभर लांब लोंबत होती.

"पट्टा कुणी बदलला?"

"कुणी नाही," खालून मिस्त्री म्हणाले.

तिने पट्टा खेचून पाहिला. घट्ट होता. मग दादाच्या सूटच्या गळ्याकडे पाहिलं. तिथे तिचा अख्खा हात गेला असता. तिने वही उलटी चाळत पहिलं पान काढलं. 'चालक, हेल्मेटसकट: शहात्तर.' त्या ओळीवर काट नव्हती. तो भाग कधी बदललाच नव्हता.

"सकाळी काय खाल्लंस?"

"कॉफी घेतली."

"काल?"

दादा आरसा नीट करू लागला. आरसा नीटच होता.

"तू ग्रॅमग्रॅमसाठी झिजतेस," तो म्हणाला. "म्हटलं, आपलाही हातभार."

"सापडलं का गं?" मिस्त्रींनी विचारलं.

"सापडलं."

"काय राहिलं होतं?"

टेबलावरचा स्वतःचा जेवणाचा डबा तिने उचलला आणि खिडकीतून आत धरला.

"आत्ता? वजन चालू आहे ना?"

"म्हणूनच. मांडीवर ठेव."

पडद्यावरचा आकडा आठशे ग्रॅमने चढला. दादाने हेल्मेट काढून पायाशी ठेवलं. गालांची हाडं तिला आता दिसली. रोज समोर असूनही दिसली नव्हती. तो आधी सावकाश खाऊ लागला, मग भराभर. आकडा हलला नाही. डब्यातलं त्याच्यात जात होतं, बेरीज तीच राहणार होती. हे ठाऊक असूनही ती पडद्यावरून नजर काढीना.

शेवटचा घास डब्याच्या कडेने पुसून घेत त्याने डबा परत दिला.

आकडा तीनशे ग्रॅमने उतरला आणि थांबला. तिने पेन्सिल उचलली, पहिल्या पानावरचे शहात्तर खोडले, आणि पुढची जागा तूर्त कोरी ठेवली.