खळीची धास्ती

स्टूल तिच्या मनगटावर बसलं, तेव्हा वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. ताट आधीच भिंतीवर आपटून झालं होतं.

"अहो, काय करताय? मी आहे, मी!"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. कपाळावरून घाम निथळत होता, ओठ थरथरत होते. त्याने स्टूल पुन्हा उचललं. ती कशीबशी बाहेर पळाली आणि डाव्या हाताने कडी घातली. आतून तो दारावर धडका देऊ लागला.

तो कत्तलखान्यात सुरी चालवणारा. दिवसाकाठी चाळीस जनावरं कापायची, आणि घरी मुंगी पायाखाली आली तरी पाय उचलून धरायचा. सगळे त्याला गोगलगाय म्हणत. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हात सोडा, आवाजही चढला नव्हता. गेल्या तीन आठवड्यांत मात्र त्याने आरसा फोडला होता, सोबत्याच्या तोंडावर हाड फेकलं होतं, तिचे केस धरून तिला फरफटत नेलं होतं. दर वेळी जेवण झालं की निवायचा आणि साळसूदपणे म्हणायचा, "मी? काहीतरीच बोलतेस."

"गोगलगाय अन् पोटात पाय!" शेजारीण जिन्यात उभी राहून म्हणाली. "तुझ्या भावाला बोलावणं धाडलंय मी."

तीन आठवड्यांपूर्वीच दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, "साखर फार आहे. बटाटा, पाव, भात कमी करा. पिष्ट असतं त्यात." ती बिचारी धोबीखान्यात चादरींना खळ लावणारी. पिष्ट म्हणजे आपली खळच की! वीस वर्षं ती बघत होती, लुळी चादर खळीत बुडवली की पत्र्यासारखी उभी राहते. मग नवऱ्याच्या शिरांचं काय होत असेल? दवाखान्याच्या बाकावर पाय कापलेली तीन माणसं तिने पाहिली होती. घरी येऊन तिने बटाटे वाटून टाकले, पावाचा डबा धुऊन पालथा घातला. साखरही घराबाहेर गेली. नुसता पाला आणि मांस. इन्सुलिनचं इंजेक्शन मात्र सकाळ-संध्याकाळ पूर्वीच्याच मापाने, न चुकता.

भाऊ ट्रक चालवायचा. चाक खोलायची पहार घेऊनच तो जिना चढला. तिचं लोंबणारं मनगट पाहिलं मात्र, त्याने कडी उडवली.

नवरा जनावरासारखा अंगावर आला. दोघे दारातच भिडले. नवऱ्याने त्याच्या दंडाचा चावा घेतला, रक्त आलं. भावाने त्याला भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. तो पुन्हा उठला आणि त्याचा हात ओट्यावरच्या सुरीकडे गेला. पहार त्या हातावर बसली. बोटं चिरडली. तरी तो किंचाळला नाही. गुडघ्यांवर कोसळला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बरळू लागला. भावाने पहार पुन्हा वर नेली.

"थांब!" ती मध्ये पडली. नवऱ्याच्या मानेला तिचा हात लागला होता. एवढी मारामारी करून मान थंडगार, ओलीचिंब. इंजेक्शनसोबत दवाखान्याने दिलेल्या कागदावर काय लिहिलं होतं? दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, तर आधी साखर द्या.

"साखर आणा कुणीतरी! पळा!"

"ताई, मरू दे त्याला!"

"तू आधी बाजूला हो, मुडद्या!"

शेजारणीने साखरेचं पाणी आणलं. त्याने दात आवळले, ते तिच्या अंगावर थुंकलं. ती रडत, शिव्या घालत त्याला घोट घोट पाजत राहिली. आपल्यावर हात उचलणाऱ्याला आपण वाचवतोय याची तिला चीड येत होती, आणि तो वाचणार नाही या भीतीने तिचा जीव जात होता. शेवटी त्याने गिळलं.

दहा-पंधरा मिनिटांनी त्याची नजर ठिकाणावर आली. स्वतःचा हात त्याने पाहिलाच नाही.

"अगं, मनगट... कुणी मारलं तुला?"

भावाने पहार पाठीमागे लपवली.

"नाव सांग त्याचं!"

"तुम्ही," ती म्हणाली.

तो हसला. मग त्याला मोडलेलं स्टूल दिसलं. एवढा थोराड माणूस, भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखा रडला.

दवाखान्यात नवरा-बायको दोघांच्या हातांना प्लास्टर चढलं. सिस्टरने कपाळावर हात मारून घेतला. "कमी म्हणजे बंद नव्हे, बाई! इंजेक्शनचं माप त्या बटाट्या-पावावर ठरवलेलं. खायला पिष्ट नाही, तर ते रक्तातली उरलीसुरली साखर ओढतं. मेंदू उपाशी पडला की माणूस माणसात राहत नाही. खळ शिरांत जात नसते, पोटात तिची साखर होते. तीही हवीच, मापात."

त्याची दोन बोटं पुन्हा वळणार नव्हती. सुरीचं काम संपलं होतं.

घरी आल्यावर तिने एक बटाटा उकडला. एकच, सिस्टरने सांगितला होता तेवढा. साल काढायला बसली, तर डाव्या हातात बटाटा टिकेना, घरंगळून जाई. तो लांब, दाराशी बसला होता. ओट्यावरच्या सुऱ्या त्याने आधीच शेजारणीकडे देऊन टाकल्या होत्या.

"मी येऊ का जवळ?" त्याने विचारलं.

सरकून तिने जागा केली. त्याने डाव्या हाताने बटाटा धरला आणि ती नखाने साल सोलू लागली.