गोलासमोरची जमीन

मित्रांनो, नमस्कार-चमत्कार नंतर करू. माझं डोकं तापलेलं आहे, ते आधी ऐकून घ्या. मी धुमस आहे. जुना, धावड्याच्या लाकडाचा. तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून सांगतो. खाली माणसाच्या मांडीएवढा जाड ओंडका आणि वर दोन्ही हातांनी धरायचा आडवा दांडा. मला उचलायचं आणि जमिनीवर आपटायचं. आपटत राहिलं की भुसभुशीत माती घट्ट बसते. जन्मभर एवढंच केलं, आणि आज आठ वर्षं मंडळाच्या गोदामात मोडक्या खुर्च्यांखाली पडून आहे. राग येणार नाही तर काय होईल?

माझा जन्म १९७२ सालचा. आंधळगावपासून तीन कोसांवर आमचं गाव. ईश्वर सुताराने मला तुलारामच्या खळ्यासाठी घडवलं. धानाची मळणी करायची म्हणजे आधी खळं हवं. माती चोपायची, वरून शेणाने सारवायचं. दोन हंगाम मी ते काम केलं. तुलाराम माझं कौतुक करायचा. म्हणायचा, "हा पडला का जमीन हालत नाही, बाप्पा!" मलाही तेव्हा आपल्या वजनाचा मोठा गर्व होता.

मग एके दिवशी रंभाबाई आली. ही बाई कोण, ते आधी सांगतो. अंगाने वाळकी, आवाजाने पहाडी. तिचा मुलगा भैय्यालाल गावाच्या फुटबॉल मंडळाच्या मोठ्या टीमचा कप्तान. सगळा गाव मोठ्या टीमच्या मागे वेडा होता. पण रंभाबाईचा जीव होता लहान्या टीमवर, म्हणजे पंधरा वर्षांखालच्या पोट्ट्यांवर. त्यात तिच्या घरचं, नात्यातलं कोणीच नव्हतं. कोणी विचारलं, "काहून वो, पोरगा मोठ्या टीमले अन् तू लहान्याकडं?" तर ती फटकन सांगायची, "मोठ्याईले पाहाले गाव आहे. याईले कोन आहे?"

खरंच कोणी नव्हतं. मोठ्या टीमला वरच्या अंगाचं सपाट मैदान. लहान्या टीमला तलावाच्या पाळीखालचं, म्हणजे बांधाखालचं. पावसाळाभर तिथे गुरं बसायची, चिखलात त्यांचे खूर रुतायचे आणि दिवाळीनंतर चिखल वाळला की मैदानभर टणक खळगे. धावणाऱ्या पोराचा पाय त्यात गेला की मुरगळलाच. मंडळाचे अध्यक्ष केशवराव यांना सांगून झालं. ते म्हणाले, "पोट्टे आहेत, पडतीन अन् उठतीन." वा रे अध्यक्ष! स्वतः मात्र उशी घेतल्याशिवाय खुर्चीवर बसायचे नाहीत.

म्हणून रंभाबाई तुलारामच्या अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, तुमचा धुमस द्या. त्या पोट्ट्याईचं मैदान चोपतो."

तुलाराम हसला. म्हणाला, "येवढं मोठं मैदान? खळं आहे का वो ते?"

"खळंच समजा. आपलं पीकच आहे ना ते."

तुलारामने मला दिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःही आला. रंभाबाईच्या शेजारची बेबीबाई आली, तिच्या जावा आल्या. असे दहा-बारा जण झाले. दर साली दिवाळी झाली की वीस-पंचवीस दिवस पहाटे आम्ही मैदानावर. बायका हांडे भरून तलावाचं पाणी आणायच्या, खळगे भिजवायच्या, मग मी. धप्प, धप्प, धप्प! दांडा धरून रंभाबाईच्या तळहातांना घट्टे पडले. बदल्यात काय मिळायचं? लहानी टीम मैदानात उतरली की हे दहा-बारा जण पाळीवर बसून घसा फुटेस्तोवर ओरडायचे, एवढंच.

एकदा तर यांनी मला एस. टी.ने लाखांदूरला नेलं. मागच्या साली तिथल्या गोलासमोर मोठाले खळगे पाहिले होते आणि परक्या मैदानावर यांचा विश्वास नव्हता. कंडक्टर म्हणाला, "बाई, या लाकडाचं तिकीट लागते." रंभाबाई म्हणाली, "अर्धं फाडा जी. लहान्या टीमसंगं आहे थो." सगळी गाडी हसली, कंडक्टरही हसला आणि तिकीट न फाडताच पुढे गेला. ती मॅच आम्ही जिंकलो. मी इतका फुगलो होतो, की येताना मला उचलणं जड गेलं असावं.

आता माझ्या रागाचं मूळ सांगतो. १९७८ सालचा फेब्रुवारी महिना. तालुक्यातल्या गावांची लहान्या टीमची स्पर्धा होती. आमची पोरं पहिल्यांदाच सेमीफायनलला पोचली. सामना बपेऱ्याच्या टीमशी, रविवारी दुपारी चार वाजता, आमच्या मैदानावर. नियम असा, की मैदान खेळण्यालायक नसेल तर रेफरी सामना पाहुण्यांना देऊन टाकणार. त्याच आठवड्यात गावात शंकरपट भरला. बैलांच्या शर्यती, पाहुणेरावळे आणि शनिवारी नाटक. नाटकाचा मांडव कुठे टाकला असेल? वरचं मैदान खराब होईल म्हणून केशवरावांनी तो आमच्या मैदानावर टाकायला लावला!

रंभाबाई भांडायला गेली. केशवराव पान चघळत म्हणाले, "अवो बाई, नाटक झालं का रविवारी सकाळीच खड्डे बुजवून देतो. माहा शब्द आहे."

शब्द! रविवारी सकाळी मांडववाल्यांनी बांबू आणि बल्ल्या उपटून बैलबंडीत घातल्या आणि निघून गेले. मागे एकोणीस खड्डे. त्यातले सात ऐन गोलासमोर, हातभर खोल. केशवराव पाहुण्यांना घेऊन जेवणावळीत बसले होते. त्यांनी निरोप धाडला, "जेवण झाल्यावर पाहू." दुपारचा एक वाजला तरी त्यांचं जेवण काही होईना.

मग काय, आमचेच दहा-बारा जण. माती आणली, पाणी आणलं. तुलाराम आणि रंभाबाई आलटून पालटून मला आपटत होते. मी त्या दिवशी रागाने पडत होतो, मित्रांनो. प्रत्येक खड्ड्यात मला केशवरावांचं पान चघळणारं तोंड दिसत होतं. तीनच्या सुमाराला एकोणीसच्या एकोणीस खड्डे बुजले. बेबीबाई म्हणाली, "झालं वो माय, आता बसा."

पण रंभाबाईचं मन भरेना. गोलासमोरची माती नवी, ती उखडेल ही तिला धास्ती. आणि खळं चोपल्यावर माणूस काय करतं? सारवतं. तिने शेणाची बादली आणली आणि गोलासमोरची जमीन झकास सारवून काढली. मलाही ते बरोबरच वाटलं, खोटं कशाला बोलू? उन्हात तासाभरात वाळलं असतं. पण तीन वाजता पाळीवरच्या आंब्याची सावली गोलावर सरकते, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. पहाटे काम करणाऱ्यांना आणि सामन्यात फक्त चेंडूकडे पाहणाऱ्यांना तिथली दुपारची सावली काय ठाऊक!

रेफरीने मैदान चालून पाहिलं आणि मान डोलावली. सामना सुरू झाला. पोरं जिवाच्या आकांताने खेळली. शेवटची पाच मिनिटं राहिली तरी गोल कोणाचाच नव्हता. मग बपेऱ्याच्या एका पोराने लांबून साधाच चेंडू मारला. आमचा गोलकीपर कवडू त्याच्याकडे झेपावला, ओल्या सारवणावर त्याचा पाय सटकला आणि तो आडवा झाला. चेंडू त्याच्या अंगावरून आरामात आत गेला. आम्ही एका गोलाने हरलो.

पाळीवर रंभाबाईने पदर तोंडावर घेतला होता. तेवढ्यात नाटकाचा भोंगा, जो अजून काढला नव्हता, तो वाजला. केशवराव जेवून आले होते. भोंग्यातून साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "बायांनी शेण सारवून गावाची मॅच घालवली. यापुढं बायांनी मैदानावर पाय ठेवायचा नाही. हा मंडळाचा ठराव समजा." लोक हसले. अहो, एक खड्डा बुजवायला ज्यांचा हात उठला नाही, ते पोट धरधरून हसले!

रंभाबाईने पदर खाली घेतला. डोळे लाल झाले होते. ती सरळ भोंग्यापाशी गेली आणि म्हणाली, "शेन माह्यं होतं, केशवराव. माही चूक झाली, त्या पोट्ट्याचे पाय धरतो मी. पन खड्डा कोनाचा होता? सांगा ना जी आता भोंग्यातून!"

भोंगा बंद झाला. केशवरावांनी भैय्यालालकडे पाहिलं. "तुया मायले घरी ने. अन् थो धुमस गोदामात टाक. हत्यारच नसंल तर कशानं चोपतीन?"

आणि भैय्यालालने मला उचललं. सख्ख्या मुलाने! रंभाबाई म्हणाली, "भैय्या, खाली ठेव त्याले." तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "माय, मले कप्तान राहाचं आहे." मोठ्या टीमचा कप्तान, पण हिंमत केवढी, तर एवढी. गोदामाला कुलूप लागलं. तुलाराम दोनदा मागायला आला, पण त्याला चावी काही मिळाली नाही.

आता संपलं सारं, असं मला वाटलं. त्या वर्षी दिवाळी झाली. एका पहाटे मला तलावाकडून आवाज आला. धप्प. मग पुन्हा धप्प धप्प. माझा आवाज नव्हता तो. बारीक होता, पण पुष्कळ जणांचा होता. मी कान टवकारले. बेबीबाईचा खणखणीत आवाज आला, "अवो, तुयं मुसळ सरळ धर ना वो, पायावर पाडशीन!"

मुसळं! घराघरातून धान कांडायची मुसळं घेऊन बाया मैदानावर उतरल्या होत्या. माझ्या एका फटक्याचं काम करायला मुसळाला पंधरा फटके लागतात. तरी चोपत होत्या. ठराव होता ना, बायांनी पाय ठेवायचा नाही म्हणून? त्यांनी पायही ठेवला आणि मुसळही. इकडे मी धावड्याचा खणखणीत गडी अंधारात पडून होतो आणि तिकडे बायांचे हात सोलवटत होते. त्या पहाटेसारखा संताप मला कधी आला नाही.

तीन वर्षं त्या असंच चोपत राहिल्या. १९८१ साली लहान्या टीमने तालुक्याचा कप जिंकला. जल्लोष मी भिंतीआडून ऐकला. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडलं. मला वाटलं, आता मला न्यायला आले. छे! कप ठेवायला आले होते. कपासोबत एक मोठा फोटो आणला आणि माझ्यासमोरच्या भिंतीवर ठोकला. पाच वर्षं झाली, तो फोटो पाहतो आहे. मध्ये केशवराव, कपावर हात. बाजूला सचिव, खजिनदार, दोन पाहुणे, भैय्यालाल. पोरं खाली मातीत बसलेली. रंभाबाई नाही, बेबीबाई नाही, तुलाराम नाही. ज्यांनी ती जमीन हाताने घट्ट केली, त्यांच्यापैकी एकही नाही त्यात. मला हात असते तर पहिल्यांदा तो फोटो काढून आपटला असता.

आता १९८६ साल आहे. मोठी टीम मोडली. भैय्यालालचं गुडघ्याचं दुखणं, बाकीचे नोकऱ्यांना गेले. केशवराव सभा घेऊन विचारतात, "आपल्या गावात खेळाडू काहून नाही निपजत?" काहून नाही निपजत! पाळीखाली जाऊन पाहा ना जरा. तिथे अजून पोट्टे खेळतात आणि सत्तरीची रंभाबाई एकटी मुसळ घेऊन पहाटे बसते. बेबीबाई दोन वर्षांपूर्वी वारली. तुलारामला दिसत नाही.

काल दोन पोरं गोदामात लाकडं शोधायला आली होती. परवा होळी आहे. एकाने मला पायाने उलटवून पाहिलं. म्हणाला, "हे जळंल मस्त, सुकलं आहे." उद्या येऊन नेणार आहेत.

मित्रांनो, मी गळ्यात हार मागत नाही. फोटोत जागाही मागत नाही. आपल्या गावच्या लहान पोरांसाठी जी माणसं घसा आणि तळहात फोडून घेतात, त्यांच्यावर हसू नका, आणि त्यांच्या हातातलं हत्यार काढून घेऊ नका, एवढंच सांगतो. ते जमत नसेल, तर उद्या मला नेताना होळीकडे वळायच्या आधी दहा पावलं पाळीखाली चाला. रंभाबाई तिथेच असेल. मला तिच्या हाती द्या आणि दांड्याचं दुसरं टोक तुम्ही धरा, तिला एकटीला माझं वजन आता उचलवणार नाही. गोलासमोरची जमीन पुन्हा खचली आहे. कवडूच्या जागी आता दुसरं पोरगं उभं असतं, आणि ते पडलं की मला इथवर ऐकू येतं.