कुत्रं पाळणारा सुतारपक्षी

भावजींना पक्ष्यांमधलं काही कळतं, यावर घरात फक्त सासूबाईंचा, म्हणजे त्यांच्या आईचा, विश्वास होता. बाकीच्यांनी केव्हाच हात टेकले होते. पण नुसते खिसेच खिसे असलेलं जाकीट चढवलं की माणूस तज्ज्ञ होतो, तसे तेही झाले. जंगलाची पाहणी करणाऱ्या साहेबांच्या पथकात पक्षी त्यांच्याकडे आणि झाडं त्यांच्या वहिनीकडे.

लाकडाच्या कंपनीला आपलं जंगल शाश्वत पद्धतीनं सांभाळल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी उच्च संवर्धनमूल्याचा भाग ओळखून तो कायमचा राखायचा. बाकीचं तोडायला मोकळीक. पायथ्याला कंपनीनेच लावलेली, किडीनं पोखरलेली नीलगिरी होती, आणि वर टेकडीवर कुणीही न लावलेलं जुनं जंगल. वहिनीचा जीव त्या टेकडीत अडकला होता. ती राखली गेली नाही, तर पुढच्या हंगामात तिथे करवती लागणार होत्या.

"नुसती म्हातारी झाडं म्हणजे मूल्य नव्हे हो," साहेब म्हणाले. "त्यात कुणीतरी दुर्मीळ राहायला पाहिजे."

दुर्मीळ म्हणजे काळ्या शेंडीचा सुतारपक्षी. त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज जंगलात वाजवायचा आणि खरा पक्षी उत्तर देतो का ते ऐकायचं. अर्थात त्यासाठी टेकडी चढायला हवी. भावजींचे गुडघे या कल्पनेनेच दुखू लागले. सकाळी त्यांनी नीलगिरीत गाडीशेजारी घडीची खुर्ची उघडली, स्पीकर लावला, आणि काय नवल, लांबून उत्तर आलं!

"वहिनी, ऐकलंत? मी म्हटलं नव्हतं?"

वहिनी आवाजाच्या रोखाने धावलीच. नीलगिरीच्या दुसऱ्या टोकाला कंपनीचं विश्रामगृह होतं. तिथल्या व्हरांड्यात साहेब पायजम्यातच बसले होते. एका हातात चहा, दुसऱ्या हातात स्पीकर.

"श्श! तिकडून उत्तर येतंय!" ते कुजबुजले.

रेकॉर्डिंग एकच होतं. त्याच्या शेवटी कुठलंसं कुत्रं भुंकायचं. साहेबांच्या पक्ष्यामागे ते भुंकलं, आणि लांबच्या पक्ष्यामागेही तेच भुंकलं. सुतारपक्षी कुत्रं पाळतो, हे विज्ञानाला अजून ठाऊक नव्हतं. या दोन शहाण्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

वहिनीच्या ओठांवर हसू आलं होतं. ते तिने गिळलं. पक्षी सापडला तर टेकडी वाचेल, एवढाच हिशेब तिने केला. मूर्खांच्या हातून एकदा तरी भलं होत असेल तर होऊ दे. तिने तोंडातून ब्र काढला नाही.

दुपारी कंपनीचे मॅनेजर नकाशा घेऊन आले. साहेबांनी ऐटीत घोषणा केली, "नर-मादीची जोडी आहे!" भावजी लाजले, जणू लग्न त्यांनीच जमवलं होतं. मग जिथे जिथे आवाज नोंदवला गेला, तिथे मॅनेजरांनी हिरवी वर्तुळं काढली. एक गाडीभोवती, एक विश्रामगृहाभोवती. दोन्हींत मिळून सगळी किडकी नीलगिरी आली. ती तशीही कुणी फुकटसुद्धा नेत नव्हतं. मॅनेजरांना हसू आवरेना.

"आणि टेकडी?" वहिनीने विचारलं.

"तिथे कुठे काय आढळलं?"

वहिनी उठलीच. "अहो, पक्षीबिक्षी काही नव्हता! तुम्ही दोघे एकमेकांचे स्पीकर ऐकत होतात. ते कुत्रंसुद्धा एकच होतं!"

भावजींचा चेहरा पडला. साहेबांनी मात्र तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "सकाळी माझ्याशेजारी उभ्या होतात ना तुम्ही? तेव्हा का नाही बोललात?"

जन्मभर या लोकांना वहिनीने नाकं मुरडली होती, आणि आज त्यांच्याच पंगतीत तिचंही पान मांडलेलं होतं. साहेबांनी अहवालाचा कागद पुढे सरकवला. तिने सही केली. त्या क्षणी तिला सगळ्यांत जास्त किळस स्वतःची आली.

पुढच्या हंगामात नीलगिरीत बोर्ड लागला: 'दुर्मीळ पक्ष्याचा अधिवास. शांतता राखा.' भावजी जाकीट घालून बोर्डाला टेकून उभे राहिले.

"वहिनी, फोटो काढा. तुमच्या सासूबाईंना दाखवायचाय. अक्षरं नीट येऊ देत, आणि मागची ती टेकडी नको हं, वाईट दिसते."

वहिनी डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, खाली वाकली. कुठेही उभं राहिलं तरी टेकडी मागे येतच होती, बोडकी.