कड्यावरून आलेला फोन

नरेशला जाऊन वर्ष झालं, त्याचं पहिलं पुण्यानुमोदन झालं, आलेले पाहुणे गेले, आणि पुतळाबाई नवऱ्याला म्हणाली की आता मला ती जागा बघायची हाय. कमळाकर वर्षभर हेच टाळत आला होता. या वेळी त्याला नाही म्हणता आलं नाही.

खालापूरहून पहाटे निघून, तीन एसट्या बदलून दोघं दुपारी हरिहरेश्वरला पोचली. नरेश, त्यांचा एकुलता एक मुलगा, मोहोपाड्याच्या कारखान्यातल्या मित्रांबरोबर इथंच सहलीला आला होता. खालच्या खडकावरून लाटेनं त्याला ओढून नेलं, तिसऱ्या दिवशी तो सापडला. एवढंच पुतळाबाईला ठाऊक होतं.

दोन काळ्या कड्यांमधून उभ्या पायऱ्या थेट समुद्रात उतरत होत्या. ती वरच्या पायरीवर बसली. भरती चढत होती. लाट कड्यावर आपटली की तोंडावर खारे तुषार येत. जन्मात पहिल्यांदा ती समुद्र बघत होती.

कमळाकर तिच्याशेजारी टेकला आणि वर्षभर गिळून ठेवलेलं त्यानं सांगून टाकलं. त्या दिवशी नरेशनं त्याला व्हिडिओ कॉल केला होता. पोराच्या मागं नुसता खडक दिसत होता.

"मीच त्याला बोललो, जरा खाली जा, लाटा दाव. तो उतरला आन् फोन बंद झाला."

शिव्याशापांची वाट बघत तो मान खाली घालून बसला.

"मी कुठं होते तवा?" तिनं विचारलं.

"परसात. कपडे धूत होतीस."

"मग मला हाक का नाय मारली?" आता तिचा आवाज फुटला. "त्याचं शेवटचं बोलणं तुमी एकट्यानं ऐकलं, आन् माझ्यापासून लपवलं. काय बोलला तो? सगळं सांगा."

कमळाकरनं सांगितलं. सुरमई खाल्ली म्हणाला, ऊन फार आहे म्हणाला, दिवाळीत तुम्हाला इथं आणतो म्हणाला. पदर तोंडात धरून ती ऐकत राहिली.

परतीच्या गाडीत तिचं विचारणं थांबेना. अंगात शर्ट कुठला होता, हसत होता का. माणगाव गेलं, पाली गेली.

"आई काय करते, विचारलं का त्यानं?"

विचारलं होतं की नव्हतं, कमळाकरला आठवेना. हो म्हणणं सोपं होतं, पण आता आणखी खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं.

"आठवत नाय गं," तो म्हणाला.

पुतळाबाईनं तोंड खिडकीकडं फिरवलं. खोपोली येईपर्यंत ती बाहेरच बघत राहिली.