सहा पत्र्यांची नोंद

शनिवारी सकाळी अभय गायकवाडांनी नोंदी लिहायला मुलीला, प्रियदर्शिनीला, सोबत नेलं. निवृत्तीला महिना उरला होता. कंपनीच्या समुद्राकाठच्या आवारात आठ पोलादी पत्रे गंजाच्या चाचणीसाठी पाच वर्षं खाऱ्या वाऱ्यात तिरपे उभे होते. प्रत्येकावर त्यांनीच मुद्दाम फुलीचा ओरखडा काढलेला.

“लिही, प्रिया. पत्रा एक, जस्ताचा थर. ओरखड्यात पांढरी भुकटी, तांबडा गंज नाही.”

“म्हणजे पास?”

“पास. जस्त आधी स्वतः झिजतं, तोवर पोलाद टिकतं. तुमच्या बँकेत असं करतं का कोणी?”

“आमच्याकडे आधी इंटर्न झिजतात, बाबा.”

सहाव्या पत्र्यावर नुसता रंग होता, दिसायला कोरा करकरीत. फुलीजवळचा फुगवटा त्यांनी चाकूच्या टोकाने उचलला. रंगाखालून गंज बोटभर आत सरकला होता.

लिहून तिने वर पाहिलं, तर बाबा उलट्या बादलीवर बसून डावा हात चोळत होते. ओठ पांढरे, मानेवर घाम.

“ऊन लागलं जरा. राहिलेले दोन पुढच्या आठवड्यात. आणि आईला सांगू नकोस, उगाच घोर लावून घेईल. सोमवारी जातो डॉक्टरकडे.”

तिने मान हलवली. परतताना MRTच्या मेट्रोगाडीत ते नेहमीसारखे बोलत होते, तेच तिने खरं धरलं.

रविवारी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

सेरंगूनच्या घरी येईल त्याला आई एकच सांगायची, “चाळीस वर्षं संसार केला आणि मला काही दिसलं नाही. मीच आंधळी.” तेवढ्यात प्रियदर्शिनी पाणी आणायला आत जायची.

पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्या दिवशी सारंग आला, बाबांच्या हाताखाली तयार झालेला इंजिनिअर.

“काकू, सरांची वही हवी होती.” त्याने पानं चाळली. “सात आणि आठ राहिलेत वाटतं.”

“राहिलेत?” आईने वही हातात घेतली. “अर्धी नोंद टाकून हे स्वतःच्या लग्नालासुद्धा आले नसते. अक्षर तुझं आहे, प्रिया. का थांबले?”

“पाऊस आला असेल, काकू,” सारंग म्हणाला.

आई तिच्याकडेच बघत होती.

“पाऊस नव्हता,” प्रियदर्शिनी म्हणाली. “त्यांना घाम फुटला होता, आई. हात दुखत होता. सांगू नकोस म्हणाले, म्हणून मी गप्प बसले. तुला दिसलं नाही, कारण मी दिसू दिलं नाही. मला माहीत होतं.”