चंद्रावरच्या उंदराची पावलं

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. घाबरू नका, मी मारायची काठी नव्हे. पाटी रंगवताना हात ओल्या रंगाला लागू नये आणि थरथरूही नये, म्हणून रंगारी मनगटाखाली जी काठी आडवी धरतो, ती मी.

जन्माने मी छत्रीचा दांडा. अंबरनाथच्या आण्णांची छत्री वाऱ्याने उलटली आणि तिच्या तारा मोडल्या. आण्णा मला चुलीत घालणार होते, पण त्यांच्या मुलीने, सुनंदाने, मला मागून घेतलं. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातून जीन्सची कात्रणं आणून तिने माझ्या टोकाला गच्च गोळा बांधला. ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. तिथून माझं खरं आयुष्य सुरू झालं.

सुनंदा दुकानांच्या पाट्या रंगवायची. तिच्या मनगटाखाली राहून राहून मलाही उशिरा का होईना, अक्षरं कळू लागली. मी वाचलेलं पहिलं वाक्य होतं, 'येथे थुंकू नये.' ते वाचता आलं तेव्हा मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

पण सुनंदाचा जीव पाट्यांत नव्हता. वाचनालयातून ती विज्ञानकथा आणायची आणि जेवताना ताटाशेजारी उघडून ठेवायची. रद्दी कागदावर दोन सूर्यांची गावं काढायची. एकदा पिठाच्या गिरणीच्या पाटीवर, कोपऱ्यात, तिने छोटंसं यान काढलं. मालकाने ते रॉकेलने पुसायला लावलं. कॅम्पातल्या जीन्सच्या दुकानाचे चेलाराम शेठ तर हात जोडून म्हणाले, "बेटी, रॉकेट मत निकाल, पँट निकाल. गिऱ्हाईक ऊपर देखता रहा, तो अंदर कौन आयेगा?"

सुनंदा हसली आणि तिने पाटीवर पँट रंगवली. पण तिचं मनगट त्या दिवशी माझ्यावर फार जड पडलं होतं.

मग एका वर्षी नवल घडलं. शिवमंदिराच्या वाटेवरच्या गणेश मंडळात दरवर्षी गणपतीमागे हिमालयाचा पडदा लागायचा. त्या वर्षी पेटीतून काढला, तर उंदरांनी हिमालय कुरतडलेला! मंडळाचे प्रमुख भीमराव सुनंदाकडे आले.

"काका, माझ्या मनातलं काढू?" तिने विचारलं.

"काढ. पण लोकांना पसंत पडलं नाही, तर पुन्हा आपला हिमालय बरा आणि तुला तुझ्या पाट्या बऱ्या. मग माझ्याकडे चित्राचं नाव काढायचं नाही."

सुनंदाने तहानभूक विसरून पडदा रंगवला. खाली राखाडी माती आणि खड्डे, वर काळंभोर आभाळ, आणि त्यात एक निळा गोळा, त्यावर ढगांचे पांढरे पट्टे. निळा रंग भरताना माझ्या टोकावरही एक थेंब पडला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पडदा मांडवात चढला. भीमराव डोकं वाकडं करून बघत राहिले. "हा गोळा कसला? चंद्र का?"

"नाही काका, ती पृथ्वी."

"पृथ्वी आभाळात? मग आपण कुठे?"

"आपण चंद्रावर."

भीमरावांच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली. "चंद्रावर? अगं सुनंदे, उद्या चतुर्थी! चतुर्थीला चंद्र बघायचा नसतो आणि तू एवढा मोठा चंद्र मांडलास? अख्ख्या अंबरनाथवर चोरीचा आळ आणतेस का?"

मित्रांनो, उंदराचा पाय घसरून गणपती खाली पडला, तेव्हा चंद्र त्याला हसला होता. म्हणून त्या दिवशी चंद्राचं तोंड बघू नये, बघितलं तर चोरीचा आळ येतो, असं आपल्याकडे मानतात. अवकाशात रमलेली सुनंदा नेमकं हेच विसरली होती. तिचा चेहरा उतरला.

"काढा रे तो पडदा," भीमराव म्हणाले. "कुरतडलेला तर कुरतडलेला, हिमालयच लावा."

पोरं शिडी लावणार, इतक्यात वाती वळत बसलेल्या रखमाबाईंनी हात वर केला. मांडवात त्यांच्याहून वडील कुणी नव्हतं.

"थांबा रे. सुनंदे, आपला बाप्पा कुठं बसणार?"

"इथे आजी, खड्ड्यांच्या मधोमध."

"म्हंजे चंद्रावर. आनि वर आभाळात चंद्र नाही?"

"चंद्रावर उभं राहिल्यावर वर चंद्र कसा दिसेल?"

रखमाबाई खुदकन हसल्या. "भीमा, अरे हाच ना मेला बाप्पाला हसला होता? आता बस म्हनावं पायाखाली, गप! बघायचा न्हाई तो आभाळातला. हा तर बाप्पाचा पाट झाला."

मांडवात हशा पिकला. भीमराव मात्र कान खाजवत राहिले. "ते खरं. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला हे कळणार कसं? तू काय दारात उभी राहून सांगणार?"

"मी चित्रातच सांगते," सुनंदा म्हणाली. "माझी काठी द्या."

तिचा हात कापत होता. मी चौकटीवर घट्ट टेकले आणि सगळं बळ एकवटून तो हात पेलला. चंद्राच्या धुळीत तिने इवलीइवली पावलं काढली. ती उंदराची पावलं खड्ड्यांना वळसे घालत थेट गणपतीच्या आसनापर्यंत गेली. या वेळी एकही पाऊल घसरलेलं नव्हतं.

भीमरावांनी सुपारी थुंकली आणि टाळी वाजवली. "शिडी ठेवा रे जागेवर!"

दुसऱ्या दिवशी रांग शिवमंदिराच्या वळणापर्यंत गेली. मुलं बोटाने पावलांचा माग काढत ओरडत होती, "उंदीर पोचला! बाप्पा चंद्रावर पोचला!" चेलाराम शेठही आले. बराच वेळ बघून म्हणाले, "बेटी, मेरे बोर्ड पे भी रॉकेट निकाल."

"आणि गिऱ्हाईक वर बघत राहिलं तर?"

"देखने दे! खडा तो मेरी दुकान के सामने रहेगा ना!"

त्यानंतर शहाडपासून बदलापूरपर्यंत सुनंदाची यानं उडाली. पुढे यंत्राने कापलेली अक्षरं आली, पाट्या कमी झाल्या आणि मी दारामागे गेले. कधी कुणी मला घेऊन जळमटं काढली. पण रविवारी सुनंदाकडे मुलं चित्रकला शिकायला येऊ लागली. एखाद्याचा हात थरथरला की ती मला बाहेर काढते.

मित्रांनो, कुणी न पाहिलेलं काही काढू लागलं, तर आधी त्याचा हात पेलून धरा, मग काय ते विचारा. आणि मला हातात घ्याल, तेव्हा माझ्या टोकावरचा तो निळा डाग घासून काढू नका. तो मळ नाही. ती पृथ्वी आहे, चंद्रावरून पाहिलेली.