पांजणीचा अर्ज

गुरुवार, २६ जून १९७५. सकाळी आठ वाजता देशात आणीबाणी जाहीर झाल्याची बातमी रेडिओवर आली. त्या वेळी गोळीबार चौकामागच्या कोष्ट्यांच्या गल्लीत दहा माणसे चाळीस हात लांब ओल्या सुताच्या दोन्ही बाजूंना उभी होती आणि त्यांतल्या कोणालाही जागा सोडता येत नव्हती.

काम पांजणीचे होते. ताण्याचे, म्हणजे विणीतले उभे, सूत मागावर चढवण्याआधी त्याला तांदळाची खळ पाजावी लागते. घरात एवढा ताणा मावत नाही, म्हणून तो गल्लीत बांबूंच्या कैच्यांवर पसरतात. दोन्ही अंगांना पाच-पाच माणसे कुंचे घेऊन उभी राहतात. त्या दहांतला ज्याचा ताणा असेल तो ताण्याच्या डोक्याकडे उभा राहून आवाज देतो आणि बाकीचे त्या आवाजावर पुढे सरकतात. कोणाची जागा कोणती, हे वर्षानुवर्षे ठरलेले. मजुरी नसते; आज तुझा ताणा, परवा माझा. एकदा खळ लागली की सूत सुकेपर्यंत कुंचा थांबवता येत नाही. थांबला तर धागे एकमेकांना चिकटतात आणि ताणा जातो.

त्या दिवशी ताणा लहानू हेडाऊचा होता; पाळी शुक्रवारची, पण पावसाच्या भीतीने एक दिवस आधी घेतलेली. रेडिओ धोंडबाचा. धोंडबाचे वय सत्तर, गल्लीत सर्वांत जुना हात.

"आणीबाणी म्हंजे काय गा?" लहानूने विचारले.

"तुया घरी सासू मुक्कामाले आली का जे होते, ते," शालिकराम पराते म्हणाला.

"मंग तर मले सवय हाये."

"दात काय काढून राहिले? कुंचे चालवा," धोंडबा म्हणाला. "खळ वाळून राहिली."

पावणेनऊला ताणा सुकला. माणसे घरी गेली.

रविवारी चौकात जमावबंदीचा कागद लागला. पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र जमू नये, असा हुकूम होता. पुढची पाळी शालिकरामची होती. सोमवारी संध्याकाळी बीटचे जमादार मधुकरराव गल्लीत आले. ते नेहमी येत आणि शालिकरामच्या ओट्यावर चहा घेत.

"शालिक, पाच दिसले तर मले उचलावं लागते. पहिलेच सांगून ठेवतो."

"साहेब, चार माणसात पांजणी होते का कधी?"

"मंग परवानगी काढ ना. अर्ज दे. सगळं सविस्तर लिही, काही लपवू नको. लपवलं का लोचा होते."

शालिकराम सातवी पास होता. गल्लीतले रेशनकार्डाचे आणि दवाखान्याचे अर्ज तोच लिहीत असे. त्या संध्याकाळी त्याने दोन पाने लिहिली. मजकुराचा मुख्य भाग असा होता:

'आम्ही खाली सह्या करणारे दहा इसम दर मंगळवारी व शुक्रवारी पहाटे साडेपाच वाजता गल्लीत जमतो व पांजणी करतो. मी टोकाला उभा राहून आवाज देतो व त्याबरहुकूम सर्व जण पुढे सरकतात. प्रत्येकाची जागा नेमलेली आहे. एकदा सुरू केल्यावर मध्येच थांबता येत नाही, थांबल्यास मोठे नुकसान होते. हीच पद्धत शेजारच्या सात गल्ल्यांतही चालू आहे.'

त्याखाली दहा नावे होती, उभे राहण्याच्या क्रमाने. नऊ सह्या आणि धोंडबाचा अंगठा.

पांजणी कशाची, हे अर्जात कुठेही नव्हते. सूत, ताणा, माग, लुगडे यांपैकी एकही शब्द त्यात आलेला नव्हता; परक्या माणसाला तो कवायतीचा अर्ज वाटू शकत होता. गल्लीत जन्मलेल्या माणसाला हे वेगळे लिहावे लागते, असे शालिकरामला वाटले नाही. अर्ज वाचून दाखवला तेव्हा ऐकणाऱ्या नऊ जणांनाही वाटले नाही. धोंडबाने शंका काढली, पण ती दुसरीच होती.

"एवढं काहून लिहून राहिला? आपण कोठी उभे राहतो ते त्याइले काय करायचं हाये?"

"सविस्तर लिही म्हणले ना जमादार. आपण काय चोरी करून राहिलो का?"

१ जुलैला अर्ज ठाण्यात दिला गेला. मंगळवारची पाळी त्यासाठी चुकवली. गुरुवारपर्यंत उत्तर आले नाही. मधुकररावांनी सांगितले, "अर्ज वर गेला. वर गेला म्हणजे होते." तेवढ्यावर शालिकरामने शुक्रवारी ताणा पसरला. दोन दिवसांच्या झडीनंतर उघडीप होती आणि ती किती टिकेल हे सांगता येत नव्हते.

४ जुलै, सकाळी सात. खळ अर्ध्याहून अधिक लागली होती. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. उतरलेले अधिकारी ठाण्याला नवे होते. त्यांच्या हातात अर्ज होता.

"शालिकराम पराते कोण?"

"मीच साहेब. अर्धा घंटा द्या, होतेच."

"आत्ता चला."

"साहेब, खळ ओली हाये. ताणा जाईल."

"बाकीचे पांगा. चारच्या वर कोणी दिसता कामा नये."

शालिकरामने कुंचा कैचीवर ठेवला आणि तो जीपमध्ये बसला. आठ माणसे आपापल्या दारात गेली. धोंडबा जागेवरच राहिला. शालिकरामची बायको मैनाबाई खळीचे घमेले घेऊन बाहेर आली होती. ती घमेले खाली ठेवून डोक्याकडे जाऊन उभी राहिली. ती जागा बाईची नव्हे. तिने नवऱ्याचा कुंचा उचलला आणि आवाज दिला.

"चला गा! चार जण चालतात म्हणले ना? दोघं या!"

दारांतून कोणी आले नाही. मैनाबाई आणि धोंडबा यांनी मिळून बारा हात सूत वाचवले. उरलेले चिकटले.

९ जुलैला शालिकरामला मिसा कायद्याखाली स्थानबद्ध करण्यात आले. कारण कळवण्यात आले नाही. मैनाबाईला पहिली भेट मिळाली ती ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, दहा मिनिटांची.

"अर्जावर सह्या करणाऱ्याइले सांग," शालिकराम म्हणाला, "पांजणी सुताची असते एवढं लिहून द्या म्हणावं. बाकी काई नाई."

दुसऱ्या दिवशी मैनाबाई चिकटलेल्या ताण्याचा हातभर तुकडा पदराखाली घेऊन ठाण्यात गेली. तो काठीसारखा कडक झाला होता. नव्या अधिकाऱ्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. सह्या करणाऱ्यांना जबाबाला बोलावतो, असे ते म्हणाले, आणि बोलावलेही.

पहिला गेला लहानू. त्याने जबाब दिला की अर्जावरची सही त्याची नाही आणि पांजणीच्या अर्जाबद्दल त्याला काही ठाऊक नाही. परतताना त्याला मैनाबाईने गल्लीत गाठले.

"लहानूभाऊ, सही तुई नाई?"

"वैनी, हळू बोल ना वं."

"तुया ताण्यावर आमचे हे पहाटपासून उभे व्हते. रेडिओ लागला त्या दिवशी. सासूचं बोलून हसले व्हते ना तुमी?"

"मले दोन पोरी हायेत लग्नाच्या. सही माई म्हणलो तर मी बी आत."

"आन् सही तुई नाई म्हणलं तर मंग कोनाची हाये? आमच्या यायनं केली?"

लहानू घरात शिरला आणि त्याने दार लावून घेतले.

ऑगस्टअखेर आठही जणांचे जबाब झाले. आठही सारखे होते. त्यामुळे ठाण्यात आता शालिकरामवर आठ खोट्या सह्या केल्याचा नवा कागद तयार होत असल्याचे मधुकररावांनी मैनाबाईला सांगितले. ओट्यावर ते बसले नाहीत. उभ्यानेच सांगून गेले.

राहिला तो अंगठा. सही माझी नाही असे म्हणता येते. अंगठा ताडून पाहता येतो. धोंडबाला दोनदा निरोप आला. दोन्ही वेळा त्याने अंगात ताप असल्याचे कळवले. ताप नव्हता. तिसऱ्या निरोपानंतर मैनाबाई त्याच्या दारात गेली.

"मामाजी, तुमाले मी काई म्हणत नाई."

"म्हण ना. म्हणाले कोण राहिलं आता?"

"तुमचं वय झालं. थ्या आतमध्ये तुमचं निभणार नाई."

"हे तू मले जा म्हणून राहिली का नको जाऊ?"

धोंडबाने खुंटीवरचा कुंचा काढला, त्याच्या केसांतली वाळलेली खळ नखाने खरवडली आणि तो पुन्हा खुंटीला लावला.

सोमवार, ८ सप्टेंबर. धोंडबा सकाळी अकराला ठाण्यात गेला. कुंचा त्याच्या काखेत होता. हे कशाला, असे दारावरच्या शिपायाने विचारले. "साहेबाले इचारा, यानं काय करतात म्हणून," असे धोंडबा म्हणाला. कुंचा बाहेर ठेवायला लावून त्याला आत घेतले.

मैनाबाई समोरच्या कडुलिंबाखाली उभी होती. बारा वाजता लहानू सायकलवरून गेला, पण थांबला नाही. सव्वादोनला मधुकरराव बाहेर आले आणि शेजारच्या खोलीतून शाईची पेटी घेऊन पुन्हा आत गेले. ती अंगठा आपला म्हणणाऱ्या जबाबासाठी की नाकारणाऱ्या, हे समजलेले नाही. साडेतीनपर्यंत धोंडबा बाहेर आलेला नव्हता आणि कुंचा ठाण्याच्या पायरीवर तसाच होता.